सोयाबीनच्या बियाण्यात ‘दुष्काळाचा जीन’ आहे म्हणतात, ते खरं का?

विचारणारा भाऊ वाशिम जिल्ह्यातला आहे, बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला, घरी कोरडवाहू सोयाबीन आणि तूर. त्याचे प्रश्न दोन. पहिला, कृषी केंद्रावर त्याला सांगितलं की "या वाणात ड्रेब जीन हाय, पावसानं खंड पाडला तरी पीक उभं राहते", तर हे खरं धरायचं का. दुसरा, सेमिनारसाठी तो जीन फॅमिलीवरचे पेपर वाचतोय, अन् सगळ्यांत एकच प्रकार दिसतो, अमुक फॅमिलीचे इतके जीन सापडले, त्यातले इतके दुष्काळात वाढले. मग याचा आपल्या वावराशी संबंध काय?

माझं अर्धं काम प्रयोगशाळेत आणि अर्धं वाणांच्या चाचण्यांच्या प्लॉटवर गेलंय, त्यामुळे दोन्हीकडून सांगतो. उत्तर लांब आहे, सावकाश वाचा.

आधी दुकानातल्या गोष्टीचा निकाल लावू. ड्रेब हा ताण आला की दुसरे जीन (जनुकं) चालू करणारा जीन, आणि तो सोयाबीनच्या प्रत्येक दाण्यात असतो. जेएस 335 या वाणात आहे, तुमच्या घरच्या बियाण्यात आहे, धुऱ्यावरच्या गवतातसुद्धा त्याच घराण्यातले जीन आहेत. म्हणून "या वाणात ड्रेब आहे" या वाक्यातून तो वाण दुसऱ्यापेक्षा चांगला की वाईट हे कळतच नाही. आणि सांगणाऱ्याचा अर्थ "बाहेरून टाकलेला जीन" असा असेल तर तेही जमत नाही, कारण आपल्या देशात शेतकऱ्याने कायदेशीर पेरायचं जीएम (बाहेरचा जीन टाकलेलं) पीक म्हणजे बीटी कापूस, 2002 पासून, आणि त्यातला जीन बोंडअळीसाठी आहे, पाण्यासाठी नाही. खरा प्रश्न जीन आहे का हा नाहीच. त्या जीनच्या कित्येक प्रतींपैकी कोणती प्रत, झाडाच्या कोणत्या भागात, कोणत्या वेळी आणि किती जोराने चालू होते, हा प्रश्न आहे. पेपर वाचताना हे डोक्यात असलं की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

आता फॅमिली म्हणजे काय ते. एकाच मूळ जीनच्या प्रतींतून वाढलेलं घराणं. सोयाबीनचा जीनोम, म्हणजे सगळ्या डीएनएचा संच, 2010 साली प्रसिद्ध झाला, त्यात साधारण 46 हजार जीन मोजले गेले, आणि त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश जीन्सच्या एकापेक्षा जास्त प्रती निघाल्या. कारण या पिकाच्या पूर्वजांचा अख्खा जीनोम दोनदा दुप्पट झालेला आहे, एकदा सुमारे 5 कोटी 90 लाख वर्षांपूर्वी आणि परत सुमारे 1 कोटी 30 लाख वर्षांपूर्वी. आपल्या अमेरिकन पराटीचं (कापसाचं) तर अजून वेगळं, ती दोन जातींच्या संकरातून 10 ते 20 लाख वर्षांपूर्वी झालेली, त्यामुळे तिच्यात दोन्हीकडचे जीनोम शेजारी शेजारी नांदतात, देशी कापसात मात्र एकच. एका जीनच्या दोन प्रती झाल्या की एक जुनं काम करत राहते आणि दुसरी बदलायला मोकळी होते. बापाचं वावर दोन भावांत वाटलं आणि एकाने पराटीच ठेवली, दुसऱ्याने हळूहळू संत्र्याची बाग केली, तसंच. आडनाव एकच राहते, धंदा वेगळा होतो.

आडनाव कशावरून ओळखायचं? प्रथिनाच्या एका तुकड्यावरून. वर्की फॅमिलीत डब्ल्यू-आर-के-वाय या चार अमिनो आम्लांचा तुकडा असतो, त्यावरूनच नाव पडलं. अरॅबिडॉप्सिस नावाची मोहरीच्या कुळातली बारकी वनस्पती आहे, वनस्पतींमध्ये तिचा जीनोम सगळ्यात आधी, 2000 मध्ये, वाचला गेला, तिच्यात वर्की सत्तरीच्या वर आहेत, सोयाबीनमध्ये दीडशेच्या वर. नॅक फॅमिलीही सोयाबीनमध्ये दीडशेच्या आसपास किंवा वर. हे बहुतेक ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, म्हणजे दुसऱ्या जीन्सच्या समोरच्या डीएनएवर बसून त्यांना चालू-बंद करणारी प्रथिनं. आणि पेपरमध्ये आकडा थोडा वेगळा दिसला तर घाबरू नका. चाळणी कोणती लावली, जीनोमची कोणती आवृत्ती घेतली, त्यावर दहा-वीसचा फरक पडतोच.

आता वावरात काय होतं ते बघू. 2023 चा ऑगस्ट आठवत असेल, देशभरात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. सोयाबीन फुलात-शेंगेत, मुरमाड जमिनीत भेगा पडायला लागलेल्या. अशा वेळी झाडात ॲबसिसिक ॲसिड हे संप्रेरक, आपण एबीए म्हणू, वाढायला लागतं. हे एबीए पेशीतल्या पीवायएल नावाच्या रिसेप्टर (निरोप घेणाऱ्या प्रथिनांच्या) फॅमिलीला जाऊन चिकटतं. हे रिसेप्टर 2009 मध्ये सापडले, अरॅबिडॉप्सिसमध्ये 14 आहेत. एबीए चिकटलं की रिसेप्टर पीपी2सी नावाच्या प्रथिनांना पकडतो. एरवी हे पीपी2सी एसएनआरके2 नावाच्या एन्झाइम्सना दाबून ठेवत असतात, ते आता मोकळे होतात, आणि मग दोन कामं एकदम सुरू होतात. पानांवरची रंध्रं मिटतात, हे काही मिनिटांत. आणि बीझिप घराण्यातले आरेब नावाचे फॅक्टर जागे होऊन पेशी वाचवणारे जीन चालू करतात, त्याला तासन् तास लागतात.

त्या वाचवणाऱ्या जीन्समध्ये एक एलईए फॅमिली आहे. पेशीतलं पाणी कमी झालं की प्रथिनं एकमेकांना चिकटून खराब होतात, एलईए प्रथिनं ते होऊ देत नाहीत. बी वाळतं पण मरत नाही, पुढच्या जूनमध्ये परत उगवतं, त्यात यांचा मोठा वाटा. आणि मला हे सांगताना दरवेळी बरं वाटतं की ही प्रथिनं पहिल्यांदा सापडली ती सरकीत, 1981 च्या सुमारास, अमेरिकेत. एबीए सुद्धा 1963 मध्ये कापसाच्या कोवळ्या बोंडांतून वेगळं काढलं गेलं, बोंडगळ का होते हे शोधताना. म्हणजे ज्या पिकावर आपला विदर्भ उभा आहे त्याच पिकातून या विषयाच्या दोन मोठ्या गोष्टी निघाल्या. तुमच्या सेमिनारमध्ये हे नक्की घ्या, पोरं कान देऊन ऐकतील.

ड्रेबचा रस्ता मात्र बराचसा एबीएला वळसा घालून जातो. पाणी तुटल्यावर चालू होणाऱ्या अनेक जीन्सच्या पुढे सीसीजीएसी अशी अक्षरं असलेली छोटी खूण असते, ड्रेब प्रथिन ती धरतं. यात दोन गट महत्त्वाचे. ड्रेब1 मुख्यतः थंडीत चालू होतो, ड्रेब2 कोरड आणि उष्णतेत. जपानमधल्या गटाने 1998 मध्ये हे दोन्ही दाखवले, आणि पुढे जे निघालं ते दुकानात "ड्रेब जीन" म्हणणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. ड्रेब1ए कायम चालू ठेवला तर झाड कोरड सहन करायला लागलं खरं, पण बुटकं राहिलं, वाढच खुंटली. मग 1999 मध्ये त्यांनी फक्त ताण आल्यावरच चालू होणारा प्रमोटर, म्हणजे जीनचं बटण, त्याच्यापुढे लावला, तेव्हा वाढीचं नुकसान बरंच कमी झालं. ड्रेब2ए ची गोष्ट अजून पुढची. तो जीन जास्त चालवला तरी काहीच होईना, कारण त्या प्रथिनात एक छोटा भाग असा आहे की एरवी पेशी ते प्रथिन बनताच तोडून टाकते. तो भाग काढल्यावरच परिणाम दिसला. म्हणजे जीन चालू झाला, त्याची आरएनए नक्कल वाढली, पेपरात उंच बार आला, तरी प्रथिन टिकलं का हे त्या बारवरून कळत नाही.

उष्णतेचं बघा. आपल्याकडे हरभरा उशिरा पेरला की फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापते, फुलोऱ्यात तापमान 35 अंशाच्या वर गेलं की परागकण खराब होतात आणि घाटे पोचट राहतात. इथे हीट शॉक फॅक्टर, एचएसएफ फॅमिली काम करते. यीस्टमध्ये असा फॅक्टर एकच आहे, अरॅबिडॉप्सिसमध्ये 21. झाडाला उन्हातून उठून सावलीत जाता येत नाही, मुळं जिथे आहेत तिथेच सगळं सोसावं लागते, म्हणून मला वाटते त्याने ही सोय एवढी वाढवली. यंत्रणा मोठी सुंदर आहे. एरवी एचएसपी70, एचएसपी90 ही हीट शॉक प्रथिनं एचएसएफला धरून ठेवतात. उष्णता वाढली की पेशीतली बाकी प्रथिनं मोडायला लागतात, एचएसपी त्यांना सावरायला धावतात, एचएसएफ मोकळा होतो आणि अजून एचएसपी बनवायला लावतो. तापमान मोजायला वेगळं काही नको, नुकसान स्वतःच निरोप देतं. हळूहळू तापलेलं झाड एकदम तापलेल्या झाडापेक्षा जास्त टिकतं ते यामुळेच. पण फुलातला पराग या बाबतीत पानापेक्षा फार नाजूक असतो, म्हणून पानातले एचएसपी मोजून घाट्यांचा अंदाज बांधू नका.

आपल्या भागात मात्र निव्वळ कोरड हा अर्धाच त्रास आहे. तीन आठवडे थेंब नाही आणि मग एका रात्रीत वावराचं तळं, हे दोन्ही त्याच हंगामात. आणि इथे फॅमिलीची खरी गंमत कळते. ड्रेब ज्या मोठ्या घराण्यात बसतो ते एपी2/ईआरएफ, त्याच घराण्यातली दुसरी शाखा पाणी साचल्यावरचं काम बघते. ओडिशातल्या एफआर13ए या भाताच्या वाणातून सब1ए नावाचा ईआरएफ जीन 2006 मध्ये शोधला गेला. भात पाण्याखाली बुडाला की हा जीन झाडाची वाढ थांबवतो, साखर वाचवून ठेवतो, आणि पाणी उतरल्यावर झाड परत फुटतं, साधारण दोन आठवडे बुडून राहिलं तरी. स्वर्णा वाणात हा जीन साध्या संकराने, मार्करच्या (जीन आला का ते दाखवणाऱ्या डीएनएच्या खुणेच्या) मदतीने आणला आणि स्वर्णा-सब1 हा वाण 2009 मध्ये भारतात आला, जीएम नाही. आता त्याच ईआरएफच्या त्याच गटातले स्नॉर्कल जीन घ्या, खोल पाण्यातल्या भातात ते नेमकं उलटं करतात, झाड भराभर उंच वाढवून पाण्याच्या वर काढतात. गट एक, ताण एक, आणि काम एकदम विरुद्ध. म्हणून "ईआरएफ जीन सापडला" एवढ्यावर कोणी निष्कर्ष काढला तर मी तिथेच थांबवतो. भंडारा-गोंदियाकडच्या भातवाल्यांना तर हे सांगायलाच पाहिजे.

पराटीचं उदाहरण तुमच्या जवळचं आहे. लांब खंड, मग जोरदार पाऊस, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भारी जमिनीतली चांगली बोंडं लागलेली झाडं एकाएकी माना टाकतात. उपटून बघा, मूळ सडलेलं नसतं, बुरशी नसते. ही आकस्मिक मर. मुळांना हवा मिळत नाही, झाडात इथिलीन हा संप्रेरक वायू वाढतो, आणि त्या इथिलीनचा निरोप पुढे नेणारे हेच ईआरएफ घराण्यातले जीन. त्यावर कोबाल्ट क्लोराईड 10 पीपीएम, म्हणजे 10 लिटर पाण्यात 100 मिलिग्रॅम, लक्षण दिसताच फवारायची शिफारस आहे, कारण कोबाल्ट इथिलीन बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतं. उशीर केला, पानं वाळली, की मग काही उपयोग नाही. एन्झाइम अडवायचं तर ते काम करत असतानाच अडवावं लागतं.

आता पेपर कसे वाचायचे. फॅमिलीवरचा ठरलेला पेपर असा असतो: जीनोममधून जीन शोधले, वंशवृक्ष काढला, गुणसूत्रावर कुठे बसतात ते दाखवलं, मग कुंडीतल्या रोपांना पीईजी 6000 चं, म्हणजे मुळांना पाणी घेऊ न देणारं, द्रावण देऊन काही तासांत पानं तोडली आणि क्यूपीसीआर केलं, म्हणजे कोणता जीन किती चालू आहे ते मोजलं. हे काम वाया नाही, पुढच्या माणसाला यादी मिळते. पण पीईजीमध्ये रोपाला काही तासांत झटका बसतो आणि वावरात जमीन आठवड्या-दोन आठवड्यांत सुकत जाते, मुळं खाली जायला वेळ मिळतो, पेशी आपलं द्रावण घट्ट करून जुळवून घेतात. दोन्हीत तेच जीन त्याच क्रमाने चालू होतील असं धरून चालता येत नाही.

आणि नमुना घेण्यावरच किती अवलंबून असते ते सांगतो, कारण हे पेपरात एका ओळीत उरकलेलं असते. सोयाबीनचं वरून तिसरं पूर्ण उघडलेलं पान घ्यायचं ठरलं, ठीक. पण पान तोडलं म्हणजे झाडाला जखम झाली, आणि जखमेनेच कित्येक वर्की आणि ईआरएफ काही मिनिटांत वाढतात. म्हणून पान तोडलं की हातात घेऊन लेबल शोधत बसायचं नाही, लेबल आधी लावून ठेवायचं, तोडायचं आणि लगेच उणे 196 अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये. पान क्षणात काचेसारखं कडक होतं, तिथे त्याची सगळी घडामोड थांबते. दुसरं, वेळ. यातले कित्येक जीन दिवसाच्या घड्याळाप्रमाणे चढतात-उतरतात. पाणी दिलेल्या प्लॉटची पानं सकाळी 9 ला घेतली आणि कोरड्या प्लॉटची पोचेपर्यंत दुपारचे 2 झाले, तर जो फरक दिसेल तो दुष्काळाचा की दुपारचा? दोन माणसं लावून दोन्ही प्लॉट एकाच वेळी तोडायचे. सोबत त्याच पानाचा एक तुकडा वजन करून पानातलं सापेक्ष पाणी काढायचं, म्हणजे झाडाला ताण खरंच किती होता ते कळते. नुसतं "दहा दिवस पाणी दिलं नाही" याला अर्थ नाही, काळ्या कसदार जमिनीत दहा दिवसांत झाड ढिम्म असते आणि मुरमाडात मरायला टेकते. पेपर उघडला की पद्धतीच्या भागात या तीन गोष्टी आधी शोधा, आणि तुलनेसाठी घेतलेला ॲक्टिनसारखा जीन ताणात स्वतःच हलत नव्हता हे तपासलंय का तेही बघा.

यानंतरचा प्रश्न सगळ्यात मोठा. "पीक उभं राहते" हे दुकानदाराचं वाक्य परत वाचा. उभं राहणं आणि पिकणं वेगळं. रंध्रं लवकर मिटणारं झाड पाणी वाचवतं पण हवाही आत घेत नाही, म्हणजे अन्न बनत नाही. कुंडीत तीन आठवडे जगलं म्हणून फोटो छान येतो, पण शेंगा भरायच्या वेळी तेच झाड उपाशी राहिलं तर दाणा बारीक आणि सुरकुतलेला, शंभर दाण्यांचं वजन घसरलेलं. आपल्याला एकरी क्विंटल पाहिजेत. म्हणून मी ज्या पेपरात शेवटी उत्पादन मोजलंय, तेही वावरात आणि एकापेक्षा जास्त हंगामांत, त्यालाच जास्त वजन देतो.

असं शेवटापर्यंत गेलेलं काम आहे का? आहे. अर्जेंटिनात सूर्यफुलाचा एचबी4 नावाचा जीन, एचडी-झिप घराण्यातला, सोयाबीन आणि गव्हात घातलाय, तिथे सोयाबीनला 2015 मध्ये आणि गव्हाला 2020 मध्ये मंजुरी मिळाली. आपल्याकडे 2025 च्या मे महिन्यात जीनोम एडिट केलेले दोन भात जाहीर झाले, त्यातला पुसा डीएसटी राईस 1 हा एमटीयू 1010 वरून केलाय. पूर्व विदर्भात हा 1010 ओळखीचा. त्यात डीएसटी हा झिंक फिंगर घराण्यातला जीन निकामी केलाय, बाहेरचा काही टाकला नाही. हा जीन कोरड आणि खारटपणा सहन करण्याच्या आड येतो, तो काढल्यावर पानावरची रंध्रं कमी होतात. म्हणजे फायदा जीन वाढवून नाही, तर काढून झाला. फॅमिलीतला प्रत्येक जीन झाडाला सोसायला मदतच करतो असं नाही, काही जण आवरून धरतात, हे याच्यातून सरळ दिसते.

हरभऱ्यातली गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. आयसीसी 4958 या वाणाची मुळं खोल आणि भरपूर. कोणता एक जीन ते करतो याची वाट न बघता, मुळांचे आणि दुष्काळाचे बरेच गुण जिथे एकत्र बसलेत असा गुणसूत्राचा अख्खा तुकडाच पैदासकारांनी मार्करने मागोवा घेत दुसऱ्या वाणांत नेला, आणि त्यातूनच 2019 मध्ये पुसा चिकपी 10216 आला. आपला हरभरा ओलीवरच येतो, पेरल्यावर पाऊस नसतो, जमिनीतलं खालचं पाणी ज्याच्या मुळाला मिळेल तो पिकतो. तिथे रंध्रं मिटवणाऱ्या जीनपेक्षा खाली जाणारं मूळ कामाचं.

मग घरच्या सोयाबीनचं काय करायचं. पिशवीवर वाणाचं नाव आणि अधिसूचित आहे का ते बघा, कालावधी किती दिवसांचा ते विचारा, आणि तुमच्या जमिनीला जुळवा. मुरमाड वावरात लवकर येणारा वाण सप्टेंबरच्या खंडातून निसटतो, आणि निसटणं हा सोसण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे. पेरणी बीबीएफने (रुंद वरंबा-सरी पद्धतीने) करा, जास्त पावसात सरीतून पाणी निघून जाते आणि खंडात वरंब्यात ओल टिकते, म्हणजे ड्रेब आणि ईआरएफ दोघांचंही काम हलकं होतं. खंड सुरू होताच डवरणी करून भेगा बुजवा, आणि फुला-शेंगांच्या वेळी 13:00:45 ची (पोटॅशियम नायट्रेट खताची) फवारणी, 10 लिटरला 100 ग्रॅम, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. दुपारी रंध्रं मिटलेली असतात आणि थेंब पानावरच सुकतो.

सेमिनारसाठी सगळ्या फॅमिली घेऊ नका, वीस मिनिटांत नुसती नावं होतील. एपी2/ईआरएफ एकच घ्या, त्यात ड्रेब1, ड्रेब2, सब1ए आणि स्नॉर्कल एवढे चार जीन पुरतात, आणि शेवटच्या स्लाइडवर पराटीची आकस्मिक मर ठेवा. परीक्षक शेतीतले असतील तर प्रश्न तिथेच येतील, तेव्हा इथिलीन कोणत्या टप्प्यावर बनतं आणि कोबाल्ट नेमकं कुठे अडवतं हे एसीसी ऑक्सिडेज या एन्झाइमच्या नावासकट पाठ करून जा.